पंपघराचा नंबर

सिहोऱ्यात धर्मेंद्रला सगळे 'टेलिफोन' म्हणतात. गावात आता एकाही घरात तारेचा फोन उरलेला नाही, पण चिकटलेलं नाव काही सुटत नाही. विसाव्या वर्षी तो खांबावर चढून तारा जोडायचा. आज बेचाळिसाव्या वर्षी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो. नागपूरच्या एका कंत्राटदाराच्या हाताखाली भंडारा जिल्ह्यातल्या पाच-सहा कारखान्यांचे आणि भातगिरण्यांचे फोन त्याच्याकडे आहेत. कामाचा जाणकार, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. काम चालू झालं की उरलेलं तो 'पुढच्या फेरीत' टाकायचा. त्याच्या पुढच्या फेऱ्या मोजायला बसलं तर दोन-तीन जन्म पुरणार नाहीत. लोक हसून सोडून द्यायचे, तोही हसायचा.

त्याच्याकडच्या कारखान्यांत एक होता वैनांचल. सिहोऱ्याहून सोळा किलोमीटरवर, लोखंड वितळवून ओतकाम करणारा. गावातली दहा-बारा माणसं तिथे मोटारसायकलने जायची. धर्मेंद्रचे वडील गोपीचंद यांनीही तिथेच भट्टीपाशी उमर काढली होती, त्यामुळे तिथली रीत धर्मेंद्रला लहानपणापासून ठाऊक होती.

रीत अशी. मोबाइल आत न्यायचा नाही, फाटकावर टोकन घेऊन जमा करायचा. आत प्रत्येक विभागात एक टेबलफोन, तोही फक्त कामापुरता. त्यावरून बाहेर लागलेला आणि उचलला गेलेला प्रत्येक कॉल यादीत उतरायचा आणि साहेबापुढे जायचा. न उचललेल्या कॉलची मात्र कुठेच नोंद नसे. माणसांनी त्यातून आपली वाट काढली. पाळी संपताना घरी एक मिस्कॉल, म्हणजे निघालो, भात टाक. दोन मिस्कॉल, म्हणजे डबल पाळी आहे, वाट पाहू नको, जेवून घे. घरच्या बाईने फोन कधी उचलायचा नाही आणि परत लावायचाही नाही. प्रत्येक विभागाचा नंबर वेगळा होता, म्हणून स्क्रीन पाहिली की कळायचं आपला माणूस आहे. धर्मेंद्रच्या आईने, रत्नाबाईने, नवऱ्याचे असे किती मिस्कॉल घेतले असतील कोण जाणे. गोपीचंद वारले तरी पाळी सुटायच्या वेळेला तिची नजर अजून फोनकडे जाते.

गेल्या जून महिन्यात वैनांचलने जुनं एक्स्चेंज काढून टाकलं आणि सगळे फोन इंटरनेटवर घेतले. मधे एक गेटवे बसवला. गेटवे म्हणजे जोड्यांच्या खोक्याएवढी एक पेटी. आतले जुने फोन एका बाजूने तिच्यात शिरतात आणि दुसऱ्या बाजूने इंटरनेटच्या लाइनवर निघतात. कॉल निघताना त्याच्या पुढे एक मजकूर जातो: कोणाकडून, कोणासाठी, कुठून वळून आला. या मजकुराला हेडर म्हणतात. पलीकडच्या माणसाला स्क्रीनवर जो नंबर दिसतो, तो त्यातूनच घेतलेला असतो. हा मजकूर जसाच्या तसा पुढे सोडायचा, बदलायचा की खोडायचा, हे गेटवेला शिकवावं लागतं. धर्मेंद्रचं काम ते.

पहिल्या दिवशी एकही कॉल बाहेर जाईना. कारण साधं होतं. पंपघराचा फोन स्वतःची ओळख नुसती '२१४' अशी सांगत होता आणि लाइन देणारी कंपनी असल्या तीन आकडी पाहुण्याला दारात उभं करत नव्हती. तिला नोंदवलेला पूर्ण नंबर पाहिजे होता. उपाय धर्मेंद्रला माहीत होता. एकोणीस विभाग, एकोणीस ओळी. २१४ आला की पंपघराचा पूर्ण नंबर लाव, २१५ आला की साच्यांच्या विभागाचा लाव. मग प्रत्येक फोनपाशी जाऊन कॉल करून पाहा. दीड दिवसाचं काम. इकडे मॅनेजर मागे उभा राहून दर दहा मिनिटांनी घसा खाकरत होता. धर्मेंद्रने एकच ओळ लिहिली: आतून कोणीही बोलो, बाहेर कारखान्याचा मुख्य नंबर दाखव. सगळे कॉल धडाधड लागले. मॅनेजरने चहा पाजला. धर्मेंद्रने कागदावर 'काम पूर्ण' लिहून सही केली आणि एकोणीस ओळी पुढच्या फेरीत टाकल्या.

घरी जेवताना त्याने आईला सहज सांगितलं. रत्नाबाईचा घास हातातच राहिला.

"सगळ्यायचा एकच नंबर?" ती म्हणाली. "मंग कोण कोणाचा, हे बायकायनं कसं वळखाव?"

"होऊन जाईन बाई. पुढच्या फेरीत करून देतो," धर्मेंद्र म्हणाला. आईला तो बाईच म्हणायचा.

तीन दिवसांनी सुंदरबाई आली. ती पंधरा घरं सोडून राहायची. तिचा नवरा केवळराम कारखान्यात पंपघरावर होता. भट्टी थंड ठेवणारं पाणी फिरवायचं काम, कायमची पहिली पाळी, सहा ते दोन. बाकीच्या पाळ्यांचे पंपवाले कारखान्याच्या चाळीत राहायचे, त्यांना घरी फोन करायची गरज नव्हती. म्हणजे बाहेर लावण्यापुरता पंपघराचा फोन एकट्या केवळरामचाच. सुंदरबाईच्या मोबाइलमध्ये तिच्या मुलीने, मेघाने, तो नंबर 'बाबा' म्हणून ठेवून दिला होता. मेघा लग्न होऊन लाखनीला गेलेली.

"बाबू, पाह्य ना," सुंदरबाईने मोबाइल पुढे केला. "पयले 'बाबा' येत होतं. आता हा दुसराच नंबर येऊन राहिला. हा त्यायचाच आहे ना जी?"

धर्मेंद्र गाडीला किक मारत होता. त्याने नंबर पाहिला आणि मान डोलावली.

"हो काकी, कारखान्यातून आता हाच येते. काकाचाच समजा."

सुंदरबाईने समजलं. फोनवाल्याने सांगितल्यावर न समजायला ती कोण? गाडी सुरू झाली आणि धर्मेंद्र गेला. ते एक वाक्य त्याला आज कुणी परत घेऊ दिलं, तर तो हातातला घासही टाकून देईल.

जुलैच्या चोवीस तारखेला दुपारी एकच्या सुमाराला पंपघरातला मोठा व्हॉल्व्ह फुटला. पाण्याच्या दाबाने केवळराम मागच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर आदळला. बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं, आत रक्त वाहत होतं. टाइम ऑफिसचा कारकून कुलदीप याने रजिस्टर उघडून घरचा नंबर शोधला आणि फोन लावला. एक पंचवीसला एकदा, दीडला एकदा. कुणी उचलला नाही. तोवर गाडी आली. कुलदीप जखमी माणसाबरोबर गाडीत बसला आणि भंडाऱ्याला गेला. रजिस्टर टेबलावरच राहिलं. मिस्कॉल पाहून घरचे परत फोन लावतीलच, असं त्याला वाटलं. शहरातल्या कुणालाही तसंच वाटलं असतं. दुसऱ्या पाळीला आलेल्या सिहोऱ्याच्या माणसांना फाटकावरच बातमी कळली, पण ऑफिसने घरी कळवलं असेल असं धरून त्यांनी मोबाइल जमा केले आणि आत गेले.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. सुंदरबाई सकाळपासून बांधीत, भाताच्या खाचरात, होती. चिखलात पडू नये म्हणून मोबाइल घरीच चार्जिंगला. दोन वाजता जेवायला आली, मोबाइल पाहिला. दोन मिस्कॉल, तोच नंबर. म्हणजे डबल पाळी. तिने वाट पाहिली नाही, जेवून घेतलं, केवळरामचा भात झाकून ठेवला आणि परत बांधीत गेली. चार वाजता ती बाकीच्या बायकांबरोबर गाणं म्हणत भाताची रोपं, पऱ्हे, लावत होती.

चार वाजेपर्यंत केवळराम शुद्धीवर होता. "घरून कोणी आलं काय?" असं त्याने कुलदीपला पाच-सहा वेळा विचारलं. सव्वापाचला तो गेला. सहाला कारखान्याची जीप सिहोऱ्याला पोचली, तेव्हा सुंदरबाई पायाचा चिखल धूत होती.

मेघा सातला दवाखान्यात आली. लाखनीहून भंडारा वीस-बावीस किलोमीटर. दोन वाजता कळलं असतं तर ती तीनच्या आत बापापाशी असती. कुलदीपने भाबडेपणाने तिला सगळं सांगितलं: किती वाजता फोन लावला, केवळराम काय विचारत होता. मेघाने आईचा मोबाइल घेऊन पाहिला. दोन मिस्कॉल, उघडलेले, पाहिलेले.

"तुनं पाह्यले होते," ती म्हणाली. "पाह्यले, अन् परत रोवाले गेली?"

"मले वाटलं डबलवर राह्यले," सुंदरबाई म्हणाली.

"एकदा लावून पाहाव ना आई. एकदा."

तेरवीपर्यंत मेघा थांबली ती बापासाठी. त्यानंतर तिने आईशी बोलणं सोडलं. तान्ह्या पोळ्याला दरवर्षी ती मुलाला आणि त्याच्या लाकडी नंदीला घेऊन माहेरी यायची, या वर्षी आली नाही. गावातल्या बायका सुंदरबाईला तोंडावर काही म्हणत नव्हत्या, पण चार वाजता ती गाणं म्हणत होती हे प्रत्येकीला बरोबर आठवत होतं. सुंदरबाई स्वतःही कुणाला दोष देत नव्हती. माहीच चूक झाली, एवढंच म्हणायची, आणि तेही विचारलं तर.

धर्मेंद्रला हे तेरवीच्या पंगतीत कळलं. द्रोणात वरण वाढता वाढता कुणीतरी सांगत होतं. त्याने उठून सुंदरबाईचा मोबाइल पाहायला मागितला. एक पंचवीस, दीड, मुख्य नंबर. एकोणीस ओळी लिहिल्या असत्या तर टाइम ऑफिसचा अनोळखी नंबर दिसला असता. तो केवळरामचा नाही एवढं तिला एका नजरेत कळलं असतं. तिने घाबरून परत लावला असता, शेजारी नेऊन दाखवला असता, काहीतरी केलं असतं. त्याने मोबाइल परत दिला आणि पंगतीत जाऊन बसला. लाज वाटायला पाहिजे होती, वाटलीही, पण तोंड उघडलं नाही.

नंतर त्याने स्वतःशी बरेच वकील उभे केले. व्हॉल्व्ह मी फोडला काय? कारकुनाने तिसऱ्यांदा का लावला नाही? डॉक्टरांनी तरी कुठे वाचवलं असतं? सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं, कारण प्रश्न केवळराम वाचण्याचा नव्हताच. लेक आईशी बोलत नव्हती, आणि का बोलत नव्हती याचं खरं कारण जगात एकट्या धर्मेंद्रला ठाऊक होतं. सांगितलं तर कंत्राट जाईल, गावात तोंड काढता येणार नाही, या भीतीने तो सुंदरबाईच्या घरावरून जायचं टाळू लागला. पंधरा घरांचा रस्ता सोडून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरून फिरून जायचा. रत्नाबाई हे पाहत होती. तिने एकदाच विचारलं, "तिकडून काहून जातेस?" त्याने गाडीला किक मारली, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये वैनांचलकडून निरोप आला. खरेदी विभागाची अडचण होऊ लागली होती. माल देणारे व्यापारी मुख्य नंबरावर परत फोन करायचे आणि ते भलत्याच विभागात जायचे. सगळ्यांचे नंबर वेगळे दिसले पाहिजेत, ताबडतोब. बायकांसाठी जे चार महिन्यांत झालं नाही, ते व्यापाऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशी निघालं. धर्मेंद्र सकाळी गेला, एकोणीस ओळी लिहिल्या, त्या लिहायला त्याला चाळीस मिनिटं लागली. आयुष्यात त्याने इतका वाईट हिशेब कधी केला नव्हता.

मग एकेका फोनपाशी जाऊन तपासणी. मोबाइल फाटकावर जमा, म्हणून तो घरी रत्नाबाईला मिस्कॉल द्यायचा आणि चार-पाच विभाग झाले की एकदा बोलून, तिच्या स्क्रीनवर कोणकोणते नंबर आले ते विचारून घ्यायचा. सतरा विभाग झाले. अठरावं पंपघर. केवळराम गेल्यापासून ते बंद होतं, पाणी आता नव्या पंपाने फिरत होतं. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं. आत ओल होती, भिंतीवरच्या खिळ्याला केवळरामचा दुपट्टा तसाच लटकला होता. तिथे फार वेळ थांबायला नको म्हणून धर्मेंद्रने घाईने फोन उचलला. सकाळपासून प्रत्येक फोनवर एकदा आईचा नंबर फिरवायचा आणि पुन्हा पाहायचं असेल तर रिडायलचं बटण दाबायचं, अशी बोटांना सवय झाली होती. बोट सरळ रिडायलवर गेलं.

रिंग वाजली. एकदा पूर्ण वाजल्यावर त्याच्या लक्षात आलं की या फोनवरून त्याने अजून आईला लावलेलाच नाही. या फोनवरून शेवटचा नंबर फिरवला होता केवळरामने, तेवीस जुलैला, पाळी संपताना. त्याने रिसीव्हर आपटला. घड्याळात पावणेदोन वाजले होते.

गेटवे आता अगदी बरोबर चालत होता. सिहोऱ्यात सुंदरबाईच्या मोबाइलवर एक मिस्कॉल पडला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'बाबा'. एक मिस्कॉल, म्हणजे निघालो, भात टाक.

एकोणिसावा विभाग त्याने तपासलाच नाही. फाटकावरून मोबाइल घेतला आणि गाडी काढली. दोन्हीकडे धान लोंबीवर आलं होतं. सोळा किलोमीटरमध्ये त्याने काय बोलायचं ते दहा वेळा ठरवलं आणि गाव आल्यावर बोडीकडे वळायला निघालेलं हॅंडल ओढून सरळ ठेवलं.

सुंदरबाईच्या घराचं दार उघडं होतं. ती चुलीपाशी बसली होती, मोबाइल मांडीवर. चुलीवर भात शिजत होता. बाजूला लाखोरीच्या डाळीचं वरण. शेजारी दोन ताटं धुऊन ठेवली होती.

"ये बाबू," ती म्हणाली. "त्यायचा मिस्कॉल आला होता."

धर्मेंद्र दारातच बसला.

"काकी, तो माह्या हातून लागला. पंपघराचा फोन तपासत होतो."

सुंदरबाईने मान हलवली. "असंच काही असन म्हटलं. मेलेलं माणूस फोन नाही करत, एवढं समजते मले. पर नाव पाह्यलं अन् हात तांदळाकडे गेला. एका जणाचं टाकून राह्यली होती, दोघायचं पडलं."

त्यानंतर तो बोलला. जून, मॅनेजर, एक ओळ, चहा, सही. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. सुंदरबाईने मधे एकदाही तोडलं नाही. बोलणं संपल्यावर तिने विचारलं,

"म्हणजे त्या दिवशी दुसराच नंबर दिसला असता?"

"हो."

"तं मले कळलं असतं, हे ते नाही म्हणून."

"हो काकी."

"अन् मी तुले विचारलं होतं. तू म्हटला, काकाचाच समजा."

"म्हटलं होतं काकी."

"कवापासून ठाऊक आहे तुले?"

"तेरवीपासून."

भात खाली लागल्याचा वास येऊ लागला होता. सुंदरबाईने भाताचा गंज चुलीवरून उतरवला, बोटांना चटका बसला तरी तिला कळलं नसावं. "अढीच महिने," ती म्हणाली. "अढीच महिने मी सोताले शिव्या देऊन राह्यली. माहाच माणूस मले बोलवत होता अन् मी गाणं म्हणत होती, असं वाटे मले रोज. अन् तू पंधरा घरं सोडून होता."

ती रागावली असती, ओरडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि त्याला कुठे पाहावं कळेना.

"मले सांगून आता काय होते?" ती म्हणाली. "मेघाले सांग."

तिने आपल्या मोबाइलवर मुलीचा नंबर लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. रिंग वाजत राहिली, पूर्ण वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तसंच.

"माहं नाव दिसते ना तिले," सुंदरबाई म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, रोजची गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. "तुह्या फोनवरून लाव. तुहा नंबर तिच्यापाशी नसन."

धर्मेंद्रने खिशातून आपला मोबाइल काढला. सुंदरबाईने एकेक आकडा तोंडपाठ सांगितला आणि त्याने दाबला. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो?" मेघाचा आवाज आला. "कोण बोलते?"

पलीकडे बोबड्या आवाजात तिचा मुलगा काहीतरी मागत होता. सकाळपासून धर्मेंद्रने एकोणीस फोनांना आपापली ओळख सांगायला शिकवलं होतं, आणि आता स्वतःची सांगायची वेळ आली तर जीभ उचलत नव्हती. सुंदरबाई समोर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"मी धर्मेंद्र," तो म्हणाला. "सिहोऱ्याचा, टेलिफोनवाला. मेघा, फोन ठेवजो नोको. तुह्या आईची चूक नव्हती, माही होती."

पलीकडे फोन चालू राहिला. मग त्याने जून महिन्यापासून सांगायला सुरुवात केली.